उजवा खांदा

सुकदेव, तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तुझ्या दुकानावरून तेवीस वेळा गेलो. त्यातल्या निम्म्या वेळा मला त्या रस्त्याने जाण्याचे काही कारण नव्हते. दुकानाला फळ्या लावलेल्या असतात. तिसऱ्या फळीवर तू खडूने लिहिलेले कोणाच्या तरी छातीचे माप अजून तसेच आहे. छत्तीस, आणि पुढे अर्धा.

आमच्या पत्राच्या संपादकांनी तुझ्यावर लिहायला मला एक रकाना दिला आहे. ‘शिंपी असून कुस्तीचा एवढा दर्दी, असे लिहा, लोकांना आवडेल,’ असे त्यांचे कार्ड आले. मी तसे लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. तू कुठे जन्मलास, तुला मुले किती, कोणत्या तापाने गेलास, हे मी देणार नाही. ज्यांना ते ठाऊक असायला हवे ते तुझ्या तिरडीमागे चालत होते. मला दुसरे काम आहे. तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचे मी दिलेले उत्तर दुरुस्त करायचे आहे.

वाचकांसाठी आधी प्रसंग सांगावा लागेल. तू ऐकून घे. चुकलो तर टोक, असे लिहिणार होतो. सवय जात नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, लढाई सुरू होण्याच्या आधीचे ते वर्ष. आपल्याकडे तोवर कुस्त्या जत्रेत होत. नारळ, फेटा, फार तर चांदीचे कडे, आणि पाहणाऱ्याला ऊन फुकट. त्या वर्षी इंदूरकडचा एक ठेकेदार नंदुरबारला आला. त्याने कापसाच्या जिनाचे मोकळे आवार घेतले, भोवती तट्टे ठोकले, तिकीट लावले. रंगीत हस्तपत्रके शहाद्यापासून नवापूरपर्यंत वाटली. बँड होता. साहेबलोकांसाठी खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. मध्ये लाल मातीचा हौदा, आणि त्याच्या शेजारी लाकडी चौथऱ्यावर गादी घालून चारी बाजूंनी दोर बांधलेले. गादीवर गोरा पहिलवान लढणार होता. त्याला पाहायला धडगावाकडून दोन दिवस चालत माणसे आली होती.

तू सकाळीच जाऊन जागा धरलीस. पश्चिमेला, उन्हाकडे पाठ करून. वार्ताहराची खुर्ची ठेकेदाराने पूर्वेला मांडली होती. दुपारनंतर ऊन थेट माझ्या डोळ्यांवर येत होते. ही गोष्ट मी नोंदवतो, पण ती पुढच्या चुकीचे कारण नव्हती.

तुझे मत प्रत्येक कुस्तीवर होते, आणि ते कुस्ती संपण्याआधी तयार असे. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात हौद्याला वळसा घालून तू माझ्या खुर्चीपाशी येत होतास आणि मी न विचारता सांगत होतास. पहिली जोड एकाच तालमीतल्या दोघांची होती. घरातले भांडण तिकीट लावून दाखवायचे कारण काय, असे तुझे म्हणणे. बडोद्याच्या पहिलवानाला टाळ्या पडल्या, तेव्हा तू म्हणालास की त्याला मान आहे, कंबर नाही, आणि सातव्या मिनिटाला तो कंबरेतच मोडला. पंचाच्या फेट्यावर, बँडवाल्यांच्या बेसूरपणावर, खुर्चीत बसून शेंगा खाणाऱ्या वकिलावर, सगळ्यांवर तुझे मत होते. मी त्यातले निम्मे लिहून घेतले. छापले काहीच नाही.

मग गोरा आला. अंगासरशी बसणारा काळा पोशाख, पायांत घोट्याच्या वरपर्यंत नाडीचे बूट. लोक त्याचे दंड पाहत होते. तू चौथऱ्याला खेटून उभा राहिलास आणि त्याच्या पोशाखाची शिवण पाहून आलास. मांडीच्या जोडाला दुहेरी टीप आहे, एवढे शिकण्यासारखे आहे, असा तुझा अहवाल. समोर पंजाबी पहिलवान होता. दोघे वीस मिनिटे एकमेकांना उचलून आपटत होते, दोरांवर फेकत होते, डरकाळ्या फोडत होते. सगळे आवार उभे राहिले. तू बसून होतास. शेवटी गोरा धाडकन पाठीवर गेला, तेव्हा तू माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणालास,

“पडना नही रे, निजना.”

तो पडला नव्हता, ठरवून आडवा झाला होता. प्रत्येक फेकीच्या आधी फेकणारा दुसऱ्याचे मनगट दोनदा दाबतो, हे तुला दिसले होते. मला दिसले नव्हते. तसे मी सांगितल्यावर तू जे बोललास ते तुझ्या दुकानात पुढे म्हणीसारखे झाले. “तू देखस कमी, लिखस जास्ती.”

मी त्या कुस्तीला बातमीत ‘थरारक’ म्हटले. त्या शब्दावरून तू मला वर्षभर छळलेस. बाहीला घडी पडली तरी म्हणायचास, थरारक पडली. पण महिनाभराने तूच कबूल केलेस की तो ठेकेदार पुन्हा आला तर तू पुन्हा जाशील. लबाडी इतक्या मेहनतीने करणारी माणसे तू आधी पाहिली नव्हतीस. गोऱ्याचे पडणे तू गिऱ्हाइकांना करून दाखवायचास, मशीन आणि भिंत यांच्यामधल्या अडीच हात जागेत. ते मी अकरा वेळा पाहिले. तुझे पडणे त्याच्यापेक्षा चांगले होते.

इथवर लिहून मी उठलो आणि स्टेशनापर्यंत जाऊन आलो. मला पुढचे लिहायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटची कुस्ती मातीत होती. ठेकेदाराचा स्वतःचा पहिलवान, आणि समोर आपल्याकडचा भिला, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे तापीकाठच्या एका गावचा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा लाल लंगोट तू शिवला होतास. त्याच्या गावातून चार बैलगाड्या भरून माणसे आली होती.

त्या गावाची रीत इथे सांगितली पाहिजे, नाहीतर काय गेले ते कळणार नाही. त्यांच्या जत्रेत आखाड्याची पूजा पाटील करत नाही, पुजारी करत नाही. ज्याची पाठ कधी मातीला लागली नाही अशा गावच्या पहिलवानाने पहिला नारळ फोडायचा. कुस्ती बरोबरीत सुटली तर मान राहतो. चीत झाला, म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकले, तर जातो, आणि गेला की परत मिळत नाही. त्या दिवसापर्यंत सहा वर्षे तो नारळ भिला फोडत होता.

आता माझे काम. सुरतेकडून येऊन जळगावकडे जाणारी गाडी संध्याकाळी पाच चाळीसला सुटत होती. बातमीचा लिफाफा तिच्या टपालाच्या डब्यात पडला नाही, तर तो अंक चुकत होता. म्हणून आम्ही वार्ताहर शेवटचा मजकूर आधी लिहून ठेवतो. नावे आणि मिनिटे यांच्यासाठी कोऱ्या जागा सोडतो, आणि घटना घडली की जागा भरतो. संपादकांनीच ते शिकवले. सभा, निवडणूक, कुस्ती, सगळीकडे चालते. माझे वाक्य तयार होते. ‘अखेरच्या कुस्तीत अमक्याने तमक्यास इतक्या मिनिटांत चीत केले.’ कोण जिंकणार याची जागा मी सोडली होती. बरोबरीत सुटण्याची जागा सोडली नव्हती.

कुस्ती लांबली. पाच वाजून पाच मिनिटे झाली. मी घड्याळ पाहिले, मग कागदांवर पानांचे आकडे घातले, एक, दोन, तीन. चौथा घालताना आरडाओरडा झाला. मान वर केली तेव्हा ठेकेदाराचा पहिलवान भिलाच्या अंगावरून उठत होता आणि पंचाने हात वर केला होता. मी दोन्ही नावे भरली. मिनिटे भरली. शेजारी लोक भांडू लागलेले ऐकले, तेव्हा शंकेला जागा राहू नये म्हणून एक वाक्य जोडले. ‘भिला याचे दोन्ही खांदे जमिनीस स्पष्टपणे टेकलेले दिसले.’ मग धावत स्टेशन गाठले. गाडी दहा मिनिटे उशिरा होती.

‘स्पष्टपणे’ हा शब्द माझा. तो पंचाने उच्चारला नव्हता.

चार बैलगाड्यांतली माणसे गावापर्यंत भांडत गेली. निम्मे म्हणाले पाठ लागली, निम्मे म्हणाले नाही. पंच ठेकेदाराचाच माणूस, हे सगळ्यांनाच माहीत होते. चार दिवस हे चालले. मग आमचा अंक पोचला. शाळामास्तरांनी तो पारावर मोठ्याने वाचला. ‘स्पष्टपणे’पाशी वाद थांबला. नंतर कोणी काही काढले की एकच उत्तर येई, पेपरमा छापेल शे. त्या वर्षीच्या जत्रेत नारळ दुसऱ्याने फोडला. भिलाला पूजेचे ताट धरायला उभे केले होते. त्याने ते धरले. पुढच्या वर्षी तो आखाड्याकडे आला नाही.

अंक नंदुरबारात आला त्या दिवशी मी तुझ्या दुकानाच्या पायरीवर होतो. आत तिघे बसले होते. तू कातर खाली ठेवलीस, बातमी शेवटपर्यंत वाचलीस, पुन्हा वाचलीस, आणि विचारलेस,

“तू सोता देखं का? तुन्हा डोयाघाई?”

मी म्हणालो, पाहिले.

विचार करून बोललो नाही. तिघे ऐकत होते. वार्ताहराने स्वतः पाहिले तेच लिहावे, असे मी तुलाच कितीदा सुनावले होते. एका शब्दात सुटण्यासारखे वाटले आणि मी तो शब्द उच्चारला.

त्यानंतर तू तो प्रश्न आणखी आठ वेळा विचारलास. भांडून कधीच नाही. काजे करता करता, दोरा दातांत धरून, एकदा प्रकाशाच्या वाटेवर तापीच्या पाण्यात पाय सोडून बसलो असताना. भिला ज्या डावावर खाली गेला, तो ढाकेचा डाव तू मला मांडून दाखवलास. माझाच हात तुझ्या काखेत बांधून घेतलास आणि मला कापडाच्या ढिगावर पाडलेस. “डावा खांदा पहिले येस. उजवा हात बांधेल ऱ्हास. मंग उजवा खांदा टेकाले जागाच कोठे शे?” मी ढिगावर पडल्या पडल्या म्हणालो, डाव नेहमी पुस्तकासारखा पडत नाही. तू म्हणालास, खरे आहे. म्हणूनच विचारतो.

त्या ‘म्हणूनच’कडे मी लक्ष दिले नाही.

माझे उत्तर दर वेळी सुधारत गेले. दुसऱ्यांदा मी पाठीवरच्या मातीचे वर्णन केले. तू म्हणालास, माती दोघांनी एकमेकांच्या अंगाला आधीच चोळली होती. तिसऱ्यांदा मी खांदा टेकला तेव्हाचा आवाज सांगितला. पाचव्या वेळेपर्यंत मला तो खांदा खरोखर दिसू लागला होता. घामाने चकचकीत, मातीत अर्धा रुतलेला. आजही डोळे मिटले की दिसतो. मी तो पाहिलेला नाही.

छापील दुरुस्ती तू मागतोस, असा माझा समज होता. पुरावा आण, मग बघू, असे मी एकदा तुला बरेच कडक सांगितले. तू हसलास आणि माझ्या कोटाचे माप घेऊ लागलास. तो कोट मी आत्ता घातला आहे. डाव्या खिशाच्या आत तू पेन्सिलीसाठी एक अरुंद कप्पा शिवला होतास. मी मागितला नव्हता. पेन्सिल शोधताना माणूस खाली बघतो, म्हणून, असे कारण तू दिलेस. मी ते थट्टेत घेतले. आता रात्रंदिवस विचार करतो, की तुला तेव्हाच कळले होते काय. कळले असेल, तर तू मला आणखी चार वेळा का विचारलेस? याचे उत्तर मी बनवणार नाही.

कुस्ती कशी पाहावी, हे मला तू शिकवलेस, हेही इथे नोंदले गेले पाहिजे. हात पाहू नको, पाय पाहा. हात लबाडी करतात, पाय करत नाहीत. त्यानंतरच्या माझ्या बातम्यांना संपादकांनी कधी पेन्सिल लावली नाही. त्यांना वाटले मी सुधारलो.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी आलो, तेव्हा तू बाजेवर होतास. वहिनींनी मला गुळाचा चहा दिला; साखर मिळत नाही. मग डोळे न उघडता एकच शब्द विचारलास. “उजवा?”

मी म्हणालो, दोन्ही.

तू भिंतीकडे वळलास. थकला असशील, असे समजून मी उठलो. कप तसाच राहिला.

दहाव्यानंतर वहिनींनी मला बोलावून मशीनच्या खणातला एक खाकी कागद दिला. कापड बेतायचा तुझा कागद. त्यावर त्या कोणाला कातर ठेवू देत नसत, कारण तू ठेवू दिली नव्हतीस. “हाई तुमनं व्हई, भाऊ,” एवढेच म्हणाल्या. कागदावर निळ्या खडूने एक वर्तुळ होते. मध्ये आडवी पडलेली एक काठीची आकृती. पश्चिमेला एक फुली आणि ‘मी’. फुली आणि आकृती यांच्यामध्ये एक जाड ठिपका, ‘पंच’. आकृतीच्या डाव्या खांद्यावर बरोबरची खूण. उजव्या खांद्यावर काहीच नाही. तिथून एक सरळ रेघ पूर्वेकडे ओढलेली, आणि रेघेच्या टोकाला माझे नाव.

मी तो कागद वहिनींसमोर तीनदा फिरवून पाहिला. मग कळले.

डावा खांदा टेकला, हे तू पाहिले होतेस, आणि ते तू कधी नाकारले नाहीस. उजवा तुला दिसला नव्हता. मध्ये पंच होता. डावावरून तुझे मत होते की तो टेकला नसावा, पण ते मत होते, आणि मत आणि पाहणे यांतला फरक तू माझ्यापेक्षा जास्त पाळत होतास. उजव्या खांद्याच्या समोर, मध्ये काही आड न येता, आठ हातांवर एकच खुर्ची होती. तू मला नऊ वर्षांत नऊ वेळा खोटा पाडायला आला नव्हतास. तुला खरोखर माहीत नव्हते, म्हणून ज्याला दिसू शकत होते त्याला तू विचारत होतास.

परवा मी भिलाकडे जाऊन आलो. प्रकाशापर्यंत बैलगाडीने, पुढे चालत. तो शेतात भुईमूग उपटत होता. अंग अजून तसेच आहे, फक्त बांधावरून उतरताना गुडघा जपतो. तू गेल्याचे त्याला कळले होते. मी त्याला सगळे सांगितले: गाडीची वेळ, कोऱ्या जागा, आकडे घालणे, ‘स्पष्टपणे’. सांगायला पाच मिनिटे पुरली. तो वेलाला लागलेली माती झटकत राहिला.

मग मी त्याला विचारले, की खरे काय झाले. हा प्रश्न मी त्याला नऊ वर्षांत कधीच विचारला नव्हता.

“गावमा माले कोनी इचारं नही,” तो म्हणाला. “पेपरले इचारं. फक्त सुकदेव शिंपी एक येल आठे वना व्हता. त्याले जे सांगं तेच तुमले सांगस. जो खाले ऱ्हास त्याले काय दिसस भाऊ? आभाय.”

डोळ्यांना आभाळच दिसले असेल, पण त्याचे शरीर काय म्हणते, असे मी पुन्हा विचारले. खांद्याला जमीन जाणवली असेल. तो म्हणाला, पहिल्या दिवशी वाटे, नाही लागली. पारावर पेपर वाचल्यावर वाटू लागले, लागली असेल. आता जिथे हात लावावा तिथे दुखते. त्याने मला ओंजळभर शेंगा दिल्या आणि कामाला लागला. मी माफी मागितली की नाही, ते मला नीट आठवत नाही, म्हणून लिहीत नाही.

परत येताना मला एका जागी बसवेना. गाडीवान दोनदा म्हणाला, भाऊ, बैलांना त्रास होतो, स्थिर बसा.

त्या गावची जत्रा पुढल्या महिन्यात आहे. हा अंक तिथे शनिवारी पोचेल आणि शाळामास्तर तो पारावर वाचतील. नारळ कोणी फोडावा, हे ठरवणे माझे काम नाही. मागच्या वेळी ते मी केले. भिलाची पाठ लागली नाही, असेही मी लिहू शकत नाही, कारण तेही मी पाहिलेले नाही. लिहिता येण्याजोगे एवढेच आहे, आणि मास्तरांनी ते मागच्याइतक्याच मोठ्या आवाजात वाचावे:

नंदुरबार येथील जिनाच्या आवारात झालेल्या कुस्त्यांच्या आमच्या बातमीत, भिला याचे दोन्ही खांदे जमिनीस स्पष्टपणे टेकलेले दिसले, असे छापले होते. ते कोणास दिसले, हे बातमीत नव्हते. बातमी लिहिणाऱ्यास दिसले नव्हते. तो त्या वेळी कागदांवर आकडे घालत होता.

सुकदेव, तुझ्या नऊही वेळांचे उत्तर हे. उजवा खांदा माझ्या बाजूला होता. मी खाली पाहत होतो.